लेखानुदानाच्या नावाखाली आमची बिले अडवू नका

गोवा विधानसभेच्या चाळीसही सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र अर्थमंत्र्यांच्या नावे लिहावे असे घरच्यांचे म्हणणे होते. मी ते तुम्हा चाळीस जणांना लिहीत आहे. अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात, पण त्यातला रुपया खजिन्यातून बाहेर पडायला सभागृहाचा कायदा लागतो. राज्यघटनेच्या २६६व्या कलमात तसे स्पष्ट आहे. म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे. दरवर्षी पर्वरीच्या विधानभवनात तुम्ही लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प संमत होईपर्यंतच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम, मंजूर करता आणि मतदारसंघात परतता. त्यानंतर त्या मंजुरीचा खाली खेड्यात काय अर्थ लावला जातो, हे तुमच्यापर्यंत पोचत नसावे असे समजून लिहिते.

मी डिचोली तालुक्यातली. सरकारी हिशेबाच्या कामात नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर गावातल्या बायकांच्या सेल्फ हेल्प ग्रुपचे हिशेब हाती घेतले. हा ग्रुप जवळच्या शाळांना मध्यान्ह आहार पुरवतो. कधी पाव-भाजी, कधी पुलाव, कधी उसळ. गावच्या वाचनालयाच्या कमिटीवरही मी आहे. बिल कसे पास होते आणि कुठे अडते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. योग्य हरकतीबद्दल माझी तक्रार नाही. पावती जोडलेली नसेल, हजेरीचा आकडा जुळत नसेल, तर बिल परत आलेच पाहिजे. मी स्वतः अशी बिले परत पाठवलेली आहेत.

आमची बिले मात्र कोणत्याही हरकतीशिवाय पडून राहिली. फेब्रुवारी आणि मार्चची बिले एप्रिलमध्ये विचारायला गेलो, तेव्हा काउंटरवर उत्तर मिळाले, "बजेट पास जावंक ना" (पास झालेले नाही). मे महिन्यात तेच. जूनमध्ये शाळा भरल्या, चूल पुन्हा पेटली, आणि उत्तरात थोडी भर पडली : लेखानुदान आहे, खर्चावर बंधन आहे, वरून पैसे सुटले की बघू. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. तिथली मुलगी नवी आहे, तिला जे सांगितले तेच ती आम्हाला सांगते. माझे भांडण त्या उत्तराशी आहे, कारण ते खोटे आहे.

खोटे का, ते सांगते. अर्थसंकल्पातल्या खातेनिहाय मागण्यांवर चर्चा आणि मतदान व्हायचे असते. ते ३१ मार्चपूर्वी आटोपले नाही तर १ एप्रिलला सरकारकडे खर्चाचा अधिकारच उरणार नाही. तसे होऊ नये म्हणून २०६व्या कलमाने विधानसभेला अधिकार दिला, की मधल्या काही महिन्यांपुरती आगाऊ रक्कम मंजूर करावी. चालू असलेल्या सेवा थांबू नयेत, पगार व्हावेत, दवाखान्यात औषध असावे, शाळेत मुलांना जेवण मिळावे, एवढ्यासाठीच तर लेखानुदान असते. तुम्ही लेखानुदान मंजूर केलेत म्हणजे चालू कामाला पैसे दिलेत. नवी योजना, नवी सेवा यांनी मात्र पूर्ण अर्थसंकल्प संमत होईपर्यंत थांबायचे असा संकेत आहे. मध्यान्ह आहार काही आज सुरू झालेला नाही. मग ज्या मंजुरीने आमचे बिल चुकते व्हायचे, त्याच मंजुरीचे नाव सांगून ते अडवायचे, हा व्यवहार कुठला?

यात मार्चची एक खास गोम आहे, ती हिशेबाच्या माणसालाच कळते. वर्षाची तरतूद ३१ मार्चला संपते. उरलेले पैसे परत जातात. फेब्रुवारीचे बिल मार्चच्या गर्दीत मागे पडले आणि मार्चचे बिल तर महिना संपल्यावरच बनते, म्हणून ही दोन्ही बिले नव्या वर्षाच्या तरतुदीतून द्यावी लागतात. नव्या वर्षाची तरतूद लेखानुदानाच्या काळात तुकड्यातुकड्याने खाली येते. त्या तुकड्यातून आधी चालू महिन्यांचा खर्च भागवायचा की मागची थकबाकी, हे कुठेही लिहिलेले नसते. मग ज्याचा फोन येतो त्याचे बिल आधी निघते. आमच्या ग्रुपला कोणाचा फोन नसतो. जुन्या वर्षाचे पैसे परत गेले, नव्या वर्षाचे आले नाहीत, आणि मधल्या फटीत चार महिने बायका स्वतःच्या खिशातून मुलांना जेवू घालतात.

रक्कम किती म्हणाल? केंद्राने १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा साहित्याचा किमान दर ठरवला आहे. शंभर मुलांची प्राथमिक शाळा घ्या. त्या किमान दराने दिवसाचे ६७८ रुपये होतात, महिन्याचे पंधरा हजारांच्या आत. तीन महिन्यांची थकबाकी धरली तरी पन्नास हजारांना पोचत नाही. २०२५-२६चा आपला अर्थसंकल्प होता २८,१६२ कोटींचा. एवढ्या मोठ्या गाड्याला आमच्या पंधरा हजारांनी ब्रेक लागतो, यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसत नाही. पण त्याच पंधरा हजारांवर किराणा दुकानदाराची उधारी असते. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पावाचे पैसे आठवड्याला रोख लागतात, तो सरकारचे आर्थिक वर्ष पाळत नाही. गॅसवाला तर दारात पैसे घेतल्याशिवाय सिलिंडर उतरवत नाही. दुकानदार भला माणूस आहे. तरी मे महिन्यात त्यानेही विचारलेच, "बाय, आनीक कितलो तेंप?" (अजून किती काळ?) त्याला मी राज्यघटनेचे २०६वे कलम समजावू का?

सरकारची पैशांची ओढाताण मला समजत नाही असे नाही. खाणपट्ट्यात राहिल्यावर सरकारी तिजोरी आटते म्हणजे काय होते ते वेगळे शिकावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीजे (भाडेपट्टे) रद्द केली. आमच्या रस्त्यावरचे ट्रक गेले, त्याबरोबर सरकारची रॉयल्टीही गेली. करोनाच्या वर्षात पर्यटन बसले. जीएसटीची केंद्राकडून मिळणारी भरपाई जून २०२२ अखेर संपली. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला गोव्याचा वाटा ठेवला ०.३८६ टक्के. कर्ज काढायचे तर २९३व्या कलमाखाली केंद्राची संमती लागते, आणि आपलाच २००६चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा तुटीला मर्यादा घालतो. तेव्हा खर्चाला लगाम लावू नका असे मी म्हणणार नाही. लगाम कोणाच्या तोंडात घालता, एवढाच माझा प्रश्न आहे.

बंधन आले की काय थांबवता येत नाही, ते पाहा. पगार थांबत नाही, पेन्शन थांबत नाही (माझीही थांबत नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते), कर्जावरचे व्याज तर थांबवणे शक्यच नाही. मोठ्या कंत्राटदाराचे बिल थोडे लांबते, पण त्याच्याकडे करारनामा असतो, वकील असतो, आणि काम बंद पाडण्याची ताकद असते. केंद्राकडून पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी मिळणारे भांडवली कामांचे कर्ज वेळेत खर्चावे लागते, म्हणून पूल आणि रस्त्यांच्या फायली धावतात. सगळे वजा जाता उरते काय? आमच्यासारख्यांची बिले, वाचनालयाचे अनुदान, भजनी मंडळाचे मानधन, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा आणि गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचा हप्ता. ज्यांच्याकडे करार नाही आणि वकील नाही, त्यांच्याकडून सरकार बिनव्याजी उसने घेते. याला काटकसर म्हणू नका. काटकसरीत खर्च कमी होतो. इथे तो फक्त आमच्या नावावर ढकलला जातो.

दुसरी गोष्ट तुमच्या कामकाजाची आहे, राग मानू नये. लेखानुदान ही अडचणीच्या वेळची सोय. नवे सरकार येते, निवडणूक असते, संकट येते, तेव्हा ती लागते. २०२०ला करोनामुळे २७ जुलैला एका दिवसाचे अधिवेशन घेऊन अर्थसंकल्प संमत करावा लागला, ते समजण्यासारखे होते. २०२२ला निवडणूक होऊन नवे सरकार आले, ३० मार्चला अर्थसंकल्प मांडला, तेही ठीक. पण २०२३ला २९ मार्च आणि २०२५ला २६ मार्च? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अर्थसंकल्प वाचायचा म्हणजे खातेनिहाय चर्चा पावसाळ्यात जाणार, हे आधीच ठरलेले. २०२४ला तर ८ फेब्रुवारीलाच अर्थसंकल्प मांडला होता. वर्ष संपायला सात आठवडे बाकी होते. तरी मागण्यांवरची चर्चा जुलैच्या अधिवेशनाचीच वाट पाहत राहिली. अपवादाची गोष्ट आता वहिवाट झाली आहे. तात्पुरती म्हणून घातलेली बंधनेही त्यामुळे दरवर्षी एप्रिल ते जुलै येणारच.

आणि एप्रिल ते जुलै हे गोव्यात कसले महिने आहेत, ते तुम्हाला मी सांगायला हवे का? जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो. गटारे उपसणे, वीजवाहिन्यांवरच्या फांद्या तोडणे, खाजनांचे (खाडीकाठच्या शेतजमिनींचे) बांध आणि मानशी (पाणी अडवायची दारे) दुरुस्त करणे, शाळांची कौले परतणे, ही सगळी कामे मे संपण्यापूर्वीच व्हावी लागतात. वर्षाच्या तरतुदीचे बारा समान भाग करून महिन्याला एक भाग सोडायचा, हा हिशेब कागदावर सुबक दिसतो. आपल्या निसर्गाला तो मान्य नाही. बांध एप्रिलमध्ये बांधला नाही आणि जुलैमध्ये फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या पैशांचे शेतकऱ्याने काय करायचे?

याच्या उलट मार्च पाहा. वर्षभर मागितलेली कपाटे, छपाई, फलक, सगळे मार्चमध्ये येते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा आर्थिक शिस्तीचा भंग मानावा, असे शब्द आहेत. केंद्राने आपल्या खात्यांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादाही घातलेली आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल तुमच्याच सभागृहासमोर ठेवले जातात. मार्चमधली घाई, गरज नसताना घेतलेल्या पुरवणी मागण्या आणि न वापरता परत गेलेली तरतूद, हे विषय त्यांत वारंवार येतात. म्हणजे मार्चमध्ये पैसे खपवायची घाई आणि एप्रिलमध्ये पैसे नाहीत, असा हा खेळ आहे. वाचनालयाचे अनुदान याच खेळात सापडते. ते वर्षाच्या अगदी शेवटी हातात येते, आणि ३१ तारखेच्या आत पुस्तके घेऊन बिले जोडा, नाहीतर परत करा, असा निरोप त्याबरोबर येतो. मग वाचकांनी मागितलेली पुस्तके बाजूला राहतात आणि विक्रेत्याकडे जी शिल्लक असतील ती कपाटात येतात. आमच्याकडे एकाच स्पर्धा परीक्षेच्या जुन्या मार्गदर्शकांच्या किती प्रती आहेत, ते मी इथे लिहीत नाही.

बंधने घालताना उघडपणे घालता येतात, हे इतरांनी करून दाखवले आहे. ८ एप्रिल २०२०ला केंद्राने खर्चावर मर्यादा आणली तेव्हा मंत्रालयांचे अ, ब, क असे तीन गट केले. आरोग्य, शेती, ग्रामविकास, अन्नपुरवठा अशा खात्यांना मर्यादा लावली नाही. ब गटाला पहिल्या तिमाहीत २० टक्के, क गटाला १५ टक्के. कोण थांबणार, किती थांबणार, ते लोकांना वाचता आले. शेजारच्या महाराष्ट्राने ४ मे २०२०च्या शासन निर्णयात विकासकामांसाठी फक्त ३३ टक्के निधी राहील असे सांगून टाकले आणि आरोग्यासारखी प्राधान्याची खाती नावानिशी लिहिली. निर्णय कडक होता, कित्येकांना तो आवडला नसेल. पण लेखी होता. आपल्याकडे काउंटरवर तोंडी "वरून" एवढाच शब्द मिळतो. वर म्हणजे कोण, ते कोणी सांगत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या. सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत, कोणासाठीही नवा पैसा मागितलेला नाही.

सर्वांत मोठी मागणी पहिली. लेखानुदानाचे विधेयक मांडले जाईल तेव्हा सभागृहात अर्थमंत्र्यांकडून निवेदन घ्या, की मध्यान्ह आहार, सामाजिक सुरक्षेचे हप्ते, वाचनालये व सांस्कृतिक संस्थांची चालू अनुदाने आणि पावसाळ्यापूर्वीची कामे यांना खर्चाच्या बंधनातून वगळले आहे. निवेदन इतिवृत्तात जाऊ द्या. ते इतिवृत्तात गेले की काउंटरवर दाखवायला आमच्या हातात कागद येईल.

दुसरी, मागच्या वर्षाच्या थकबाकीबद्दल. एक लाखाच्या आतली, हरकत नसलेली बिले नव्या वर्षाच्या पहिल्या तुकड्यातून, आधी आलेले आधी या क्रमाने, ३० एप्रिलपर्यंत चुकती करावीत. लहान उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, असा २००६चा केंद्राचा कायदा सांगतो. तेवढाच न्याय बायकांच्या ग्रुपला लावायला कोणाची ना असू नये. आणि मध्यान्ह भोजनाच्या २०१५च्या नियमांत तर तरतूदच आहे, की आहाराचा निधी संपला तर मुख्याध्यापकांनी शाळेकडचा दुसरा निधी तात्पुरता वापरून जेवण चालू ठेवावे, नंतर त्याची भरपाई होईल. ही तरतूद किती मुख्याध्यापकांना लेखी कळवली आहे, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी तारांकित म्हणून, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळेल असा, विचारावा.

खर्चावर बंधन घालणारे प्रत्येक परिपत्रक राजपत्रात यावे आणि ते मराठीत व कोकणीतही असावे. कोणते लेखाशीर्ष (खर्चाचे खाते), किती टक्के, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात असावे. शेवटची तारीख नसलेल्या बंधनाला तात्पुरते म्हणता येत नाही. बंधनाच्या काळात जाहिराती, समारंभ, मंडप आणि पाहुणचार यांवर काय खर्च झाला, त्याचा तक्ता पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवावा. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून पणजीत होतो, मी स्वतः तिथे सिनेमे पाहिले आहेत, उत्सवांना माझा विरोध नाही. पण मुलांच्या उसळीला थांबवणारे बंधन उद्घाटनाच्या मंडपालाही लागू झाले होते का, ते जनतेला दिसले पाहिजे.

अर्थसंकल्पाच्या तारखेबद्दलही बोलायचे आहे. सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते, त्यामुळे त्या वर्षी लेखानुदान टळणार नाही हे मान्य. त्यानंतर जे कोणी निवडून याल, त्यांनी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मांडून मागण्यांवरची चर्चा ३१ मार्चच्या आत संपवावी. निवडणुकीच्या वचननाम्यात ही एक ओळ घालायला खर्च येत नाही. सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांना हे बोलणे अवघड वाटत असेल, तर खासगीत मुख्यमंत्र्यांशी बोला. विरोधी बाकांवर माणसे थोडी आहेत, पण कपात प्रस्ताव (मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव) द्यायला एक सदस्यही पुरतो.

या पत्राची प्रत मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात आणि विधिमंडळ सचिवालयात हातोहात देत आहे. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि तारखेसह पोच द्यावी. उत्तर लेखी हवे. उत्तरात "बजेट पास झालेले नाही" एवढेच लिहिणार असाल, तर त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असावा, ही विनंती.

आपली,
डिचोली तालुक्यातील एका सेल्फ हेल्प ग्रुपची हिशेबनीस